पाचशेच्या जुन्या नोटेवर पाहिलेला फोर्लान

२०१६ चा नोव्हेंबर. नोटबंदी होऊन नऊ-दहा दिवस झालते. बँकेपुढं पहाटे पाचलाच चपला, विटा, कुणाचं हेल्मेट असं सगळं लाईनीत मांडून ठेवलेलं असायचं. आडतीवर सोयाबीन घातलं त्याचे पैसे जुन्याच नोटांत हातावर टेकवलेले, आणि त्यातलीच एक पाचशेची घेऊन मी परभणी स्टेशनच्या खिडकीवर गेलो कारण रेल्वेच्या खिडकीवर तेवढ्या जुन्या नोटा चालत होत्या. बाबूनं नोट उलटीसुलटी करून बघितली, मुंबईचं जनरलचं तिकीट दिलं आणि वर चक्क शंभरच्या नोटा परत दिल्या. त्या दिवसांत हातात सुट्टे शंभर म्हणजे काय श्रीमंती होती ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. मागचा माणूस म्हणला, मुंबईला कामून, दवाखाना का? मी म्हणलं नाही, फुटबॉलची मॅच आहे. त्यानं पुढं काही विचारलंच नाही.

घरी तर बोलायलाच नको. दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणले, "लोकं लाईनीत चक्कर येऊन पडायलेत आन तू बॉल बघायला चाललास?"

चाललो होतो. कारण त्या सीझनला दिएगो फोर्लान मुंबई सिटी या फुटबॉल क्लबकडून खेळत होता आणि तो आपल्याच राज्यात अंधेरीत खेळतोय आणि आपण परभणीत बसून टीव्हीवर बघायचं हे काय मला पटंना. आता फोर्लान कोण हे बऱ्याच जणांना सांगावं लागेल, आणि ते सांगताना आमच्या आबांचं, म्हणजे आजोबांचं, पण मधी येणार, त्यामुळं पोस्ट लांबणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी जावा.

तर फोर्लान उरुग्वेचा. उरुग्वे हा देश लोकसंख्येनं आपल्या नांदेड जिल्ह्याएवढा, म्हणजे ३३-३४ लाख माणूस. एवढ्याशा देशानं १९३० आणि १९५० असे दोन वर्ल्डकप जिंकलेत. मराठवाड्याचे आठ जिल्हे मिळून २०११ च्या जनगणनेला पावणेदोन कोटीच्या वर होते आणि आपण काय जिंकलंय ते तुम्हीच सांगा. असो. या देशात फोर्लानचं घर म्हणजे फुटबॉलचं घराणं. आईचे वडील हुआन कार्लोस कोराझो, हे अर्जेंटिनात इंडिपेंडिएंटे क्लबकडून खेळले, मग उरुग्वेच्या टीमचे कोच झाले, १९५९ ला कोपा अमेरिका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांचा कप, जिंकून दिली आणि १९६२ च्या वर्ल्डकपला टीम घेऊन गेले. बाप पाब्लो फोर्लान, राईट बॅक म्हणजे उजवीकडचा बचाववाला, उरुग्वेतल्या पेन्यारोल क्लबचा गडी, १९६६ आणि १९७४ चे वर्ल्डकप, १९६७ ची कोपा अमेरिका. आणि त्यांच्या घरात १९ मे १९७९ ला दिएगो जन्मला.

आता आपल्याकडं घराणं म्हणलं की डोळ्यापुढं काय येतं? चेअरमनचं पोरगं चेअरमन, झेडपी सदस्याची सून सरपंच. आमच्या ग्रुपवर एक मित्र कायम म्हणायचा, त्याचं काय कौतुक, बाप आजोबा सगळे त्यातच, घरातच तिकीट. आणि मी खरं सांगतो, तो अगदीच चूक नव्हता. बापाचं नाव असल्यावर दारं उघडतात, फुटबॉलमध्ये पण उघडतात, फोर्लान ज्या इंडिपेंडिएंटेतून मोठा झाला तो आजोबाचाच क्लब होता की. पण दार उघडल्यावर आत जे होतं ते मला जवळून माहीत आहे, कारण आमच्या घरात पण असलंच एक लहानसं घराणं होतं. फुटबॉलचं नाही, कुस्तीचं.

आबा पैलवान. जत्रेतल्या कुस्त्या मारायचे, नारळावरच्या, पाच रुपयावरच्या, एकदा म्हणे पितळी घागर आणलती जिंकून, ती अजून आहे, तिच्यात आई ज्वारी ठेवती. दादा पण पैलवान, गुडघा जाईपर्यंत. मग मी. मला दोन वर्षं तालमीत घातला. पहाटे उठायचं, जोर मारायचे, माती खायची. आबांचं एकच चालायचं, डाव उजवीकडनं येतो ना, मग आता डावीकडनं मार. मला उजवीकडनंच धड येत नव्हता तर डावीकडनं कुठला येणार. पण ते ऐकायचे नाहीत. म्हणायचे, समोरच्याला एकदा कळलं की तू एकाच अंगाचा आहेस, की संपलं, तो त्या अंगाला येतच नाही. गावात सगळे म्हणायचे, पैलवानाचा नातू आन हे असलं? हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. सातवीत मी तालीम सोडली आणि शाळेच्या मागच्या पडीक रानात फुटबॉल खेळायला लागलो, जिथं मला कुणाचा नातू म्हणून कोणी ओळखत नव्हतं. दादा वर्षभर माझ्याशी तुटक बोलायचे.

म्हणून जेव्हा मी वाचलं की फोर्लानला लहानपणी टेनिसचं वेड होतं तेव्हा मला लई बरं वाटलं. फुटबॉलवाल्याच्या घरातलं पोरगं, हातात रॅकेट. आणि चांगला खेळायचा, उगं हौस म्हणून नाही. तो टेनिसवरून फुटबॉलवर कसा आला ती गोष्ट मात्र वाईट आहे. १९९१ मध्ये त्याची मोठी बहीण आलेहांद्रा हिचा गाडीचा ॲक्सिडेंट झाला. ती सतरा वर्षांची होती. सोबतचा बॉयफ्रेंड गेला आणि ती कमरेखाली कायमची अधू झाली. दिएगो तेव्हा बारा वर्षांचा. दवाखान्याचा खर्च एवढा की नावाजलेला बाप असून पण पुरं पडेना, तेव्हा मॅराडोनानं पैसे गोळा करायला मदत केली. तुमच्या आमच्याकडं असं झालं की गावात वर्गणी निघते, तसंच झालं म्हणायचं, फक्त वर्गणीला मॅराडोना उभा होता. तिथून या पोरानं ठरवलं की फुटबॉलच खेळायचं आणि घरासाठी कमवायचं. पुढं त्या बहिणीनं रस्ते अपघात टाळण्यासाठी स्वतःच्या नावानं संस्था काढली.

हे वाचल्यावर त्या घरातच तिकीटवाल्या मित्राला मी फक्त लिंक पाठवली, काही लिहिलं नाही. त्यानं पण काही लिहिलं नाही.

घराण्यानं त्याला काय दिलं असं विचारलं तर मी म्हणेन दोन पाय. म्हणजे दोन्ही पाय. फोर्लान उजव्यानं मारायचा तसाच डाव्यानं मारायचा, आणि ती काय देणगी नव्हती, बापानं लहानपणापासून घोटून घेतलेलं होतं. हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा आबा जाऊन चार वर्षं झालती. आता डावीकडनं मार. मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ तसाच बसलो.

नाव असून पण सगळं सरळ झालं असं नाही. पोरवयात फ्रान्समध्ये नॅन्सी क्लबकडं ट्रायलला गेला, त्यांनी घेतलं नाही. मग १९९८ पासून इंडिपेंडिएंटे, तिथं चार वर्षं गोल केले आणि जानेवारी २००२ ला इंग्लंडला निघाला. निघाला होता मिडल्सब्रोकडं आणि पोचला मँचेस्टर युनायटेडला. युनायटेडनं मधीच उडी मारली, ६९ लाख पाऊंडाला घेतला. आणि मग सुरू झाला तो काळ.

सत्तावीस मॅच. पहिला गोल व्हायला सत्तावीसावी मॅच उजाडली. जानेवारीत आलेला माणूस आणि गोल झाला सप्टेंबरात, चॅम्पियन्स लीगमध्ये मकाबी हायफा नावाच्या टीमविरुद्ध, तो पण पेनल्टीवर. फॉरवर्डचं कामच गोल करायचं, त्यामुळं बाकी किती पळलास, किती पास दिलेस ते कुणी बघत नाही. पेपरवाले टिंगल करायचे. घरी आजोबा कोच, बाप वर्ल्डकपवाला, आणि पोरगं असं. पैलवानाचा नातू आन हे असलं.

गंमत म्हणजे या आठ महिन्यांच्या मधीच त्यानं मला खिशात टाकलं होतं. जून २००२, कोरिया-जपानचा वर्ल्डकप, मॅचेस आपल्याकडं दुपारच्या. उरुग्वे विरुद्ध सेनेगल, ११ जून. शाळा उघडायची होती, मावशीकडं केबल होतं, बाहेर ऊन आणि आत कूलर. हाफटाईमला उरुग्वे ३-० नं मागं. मावसभाऊ म्हणला, बदल चॅनेल. तेवढ्यात दुसऱ्या हाफला हे केसाळ, पट्टा बांधलेलं पोरगं आत आलं. एक गोल मोरालेसनं लगेच मारला. मग साधारण सत्तराव्या मिनिटाला बॉल बॉक्सच्या बाहेर फोर्लानकडं आला, त्यानं छातीवर घेतला आणि खाली पडायच्या आत असा हाणला की मी आणि मावसभाऊ दोघं एकदमच उभे राहिलो. पुढं रेकोबानं पेनल्टी मारली, ३-३ झालं, पण उरुग्वेला जिंकणं भाग होतं त्यामुळं ते घरी गेले. मला काय त्याचं. मला माझा माणूस भेटला होता. युनायटेडमध्ये हा एक गोल मारू शकत नाहीये हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

मँचेस्टरवाल्यांनी पण त्याला शेवटी प्रेम दिलं. १ डिसेंबर २००२ ला लिव्हरपूलच्या घरात, ॲनफिल्डला, त्यांचा गोलकीपर दुडेक याच्या पायातून साधा बॉल निसटला आणि फोर्लान तिथं उभाच. तीनेक मिनिटांत दुसरा पण मारला. २-१ नं जिंकले आणि त्या सीझनची लीग पण जिंकली. तरी तो तिथं कायम राखीवच राहिला आणि शेवट झाला बुटांवरनं. हा किस्सा त्यानं स्वतः सांगितलाय. युनायटेडचे कोच फर्ग्युसन, त्यांचं म्हणणं होतं की ओल्या मैदानावर लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट असलेले, बूट घाल, याला आखूड स्टडचे सोईचे वाटायचे. घालतो म्हणला आणि घातले नाहीत. चेल्सीविरुद्ध ऐन गोलपुढं पाय घसरला, चान्स गेला. मॅच संपल्यावर पळत पळत ड्रेसिंग रूममध्ये बूट बदलायला गेला तर साहेब मागं उभे. बूट उचलून फेकले. तीच युनायटेडकडून शेवटची मॅच.

आमच्याकडच्या काळ्या मातीत जो कोणी पावसाळ्यात फुटबॉल खेळलाय तो फोर्लानला याबाबतीत बोल लावणार नाही. एक सर पडली की बुटाला अर्धा अर्धा किलो चिखल चिटकतो, स्टड लांब काय आणि आखूड काय, सगळे बुजून जातात. आम्ही तर शेवटी बूट काढून ठेवायचो आणि अनवाणी खेळायचो. आणि उन्हाळ्यात त्याच रानाला एवढाल्या भेगा, बॉल जायचा एकीकडं आणि पाय जायचा भेगेत. माझा अंगठा अजून वाकडा आहे. तेव्हा साहेबांचं बरोबर असेलही, पण माणसाला ज्यात पाय मोकळा वाटतो तेच तो घालणार.

२००४ ला स्पेनमध्ये व्हिलारेआलला गेला आणि तिथं पहिल्याच सीझनला २५ गोल. लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि गोल्डन शू, म्हणजे युरोपातल्या लीगमधल्या गोलांसाठीचं बक्षीस, आर्सेनलच्या हेन्रीसोबत वाटून. म्हणजे मँचेस्टरात ज्याला गोल सापडत नव्हता तोच माणूस, तेच दोन पाय. २००७ ला अटलेटिको माद्रिद, २००८-०९ मध्ये ३२ गोल, परत गोल्डन शू, यावेळी एकट्याला. २०१० ला युरोपा लीगच्या सेमीफायनलला परत ॲनफिल्ड, परत तिथं गोल आणि लिव्हरपूल बाहेर. फायनल हॅम्बुर्गला फुलहमशी, २-१, दोन्ही गोल याचे, दुसरा एक्स्ट्रा टाईममध्ये ११६ व्या मिनिटाला.

आणि त्यानंतर महिन्याभरात वर्ल्डकप.

साऊथ आफ्रिकेच्या त्या मोठ्या मॅचेस आपल्याकडं रात्री बाराला लागायच्या. आमच्याकडं लोडशेडिंग. मी शेजारच्या मोबाईल शॉपीवाल्याला पटवून त्याच्या इन्व्हर्टरवर टीव्ही लावायला लावायचो, शटर अर्धं खाली, आत चारजण, एक मच्छर अगरबत्ती. त्या वर्ल्डकपचा तो जाबुलानी बॉल तुम्हाला आठवतो का, सगळे गोलकीपर शिव्या घालायचे, हवेत कसाही वळायचा, फ्री किकवाले मोठमोठे लोक स्टँडमध्ये बॉल घालवत होते. आणि एकटा फोर्लान त्याला सांगंल तिकडं नेत होता. साऊथ आफ्रिकेला लांबनं एक आणि एक पेनल्टी. घानाला फ्री किक. ती घानाची मॅच, उरुग्वेच्या सुआरेझनं शेवटच्या क्षणी हातानं बॉल अडवलेली, त्यावर अजून भांडणं होतात, शॉपीत पण झाली, शॉपीवाला घानाकडून होता आणि त्यानं टीव्ही बंद करायची धमकी दिली. पेनल्टी शूटआऊटला पहिला कोण गेला? फोर्लान. घातला. सेमीफायनलला हॉलंडविरुद्ध लांबनं, डाव्या पायानं. बघा म्हणजे. डाव्या. तिसऱ्या नंबरच्या मॅचला जर्मनीविरुद्ध हवेतला बॉल असा काही मारला की तो स्पर्धेतला सगळ्यात भारी गोल ठरला. त्याच मॅचचा शेवटचा क्षण, ३-२ नं मागं, फ्री किक, फोर्लान, आणि बॉल वरच्या दांडीवर आदळून बाहेर. शिट्टी. उरुग्वे चौथं, पण १९७० नंतर पहिल्यांदाच एवढ्या पुढं आलेलं. पाच गोल आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गोल्डन बॉल यालाच. चौथ्या आलेल्या टीमच्या माणसाला.

पुढच्या वर्षी कोपा अमेरिका. त्याआधी वर्षभर देशासाठी एक गोल नाही, परत तीच बोलणी. फायनल २४ जुलै २०११, बुएनोस आयरेसला, पॅराग्वेशी, ३-० आणि त्यातले दोन फोर्लानचे. १९५९ आजोबा, १९६७ बाप, २०११ नातू. तीन पिढ्या एकच कप. मला विचाराल तर गोल्डन बॉलपेक्षा त्या घरात याचं वजन जास्त असणार. आमच्याकडची पितळी घागर बघितली की मला हेच आठवतं.

त्यानंतरचं पटपट सांगतो कारण उतार बघायला मला आवडत नाही. इंटर मिलानला जमलं नाही, मग ब्राझीलचा इंटरनॅसिओनाल, २०१३ ला उरुग्वेकडून शंभर मॅच खेळणारा पहिला माणूस, जपानमध्ये सेरेझो ओसाका, बापाचा पेन्यारोल, आणि २०१६ ला मुंबई.

तर १८ तारखेला रात्री देवगिरीनं निघालो. जनरलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, दाराशी बसून औरंगाबाद गेलं, मनमाड गेलं, सकाळी दादर. मावसभाऊ अंधेरीत नोकरीला, तोच तो, कूलरवाला. त्यानं तिकिटं ऑनलाईन काढून ठेवलेली, कार्ड होतं त्याच्याकडं. माझ्याकडच्या शंभराच्या नोटा बघून त्याचा रूम पार्टनर म्हणला, दोन उसने दे.

मॅच केरला ब्लास्टर्सशी, संध्याकाळी सातला. आम्ही अर्धा तास आधी पोचलो तर गेटवर ही लाईन. पाण्याची बाटली नाही, पॉवर बँक नाही, नाणी नाहीत. माझ्या बॅगेत आईनं दिलेल्या धपाट्यांचा डबा, त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. मी म्हणलं दादा, खाऊन बघा, धपाटे आहेत. तेवढ्यात आतून असा आवाज आला की अंगावर काटा. पाचवं मिनिट. फोर्लान. परभणीहून रात्रभर दारात बसून आलो आणि गोल झाला तेव्हा मी धपाट्याचा डबा उघडून उभा. दुसरा चौदाव्या मिनिटाला, तेव्हा आम्ही पायऱ्या चढत होतो, पुढच्यांची डोकी दिसली आणि जाळी हललेली दिसली.

तिसरा मात्र बघितला. ६३ वं मिनिट. सदतीस वर्षांचा गडी, हॅटट्रिक, ५-० नं जिंकले. पण खरं सांगू, माझ्या डोळ्यात गोल नाही राहिला, त्याचं चालणं राहिलं. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागं पळतो त्यामुळं कळत नाही, मैदानात दिसतं की हा माणूस निम्मा वेळ चालतोच आहे. चालायचा, मान फिरवून मागं बघायचा, परत चालायचा, जसा काय शेतावर पाणी कुठवर आलं ते बघायलाय. आणि मग चारच पावलं पळायचा, पण ती बरोबर जागी. मुंबई त्या सीझनला टेबलमध्ये पहिली आली. सेमीफायनलला कोलकात्यात त्याला रेड कार्ड मिळालं आणि पुढं सगळं बिघडलं, ते मी घरी टीव्हीवर बघितलं, त्याबद्दल नको.

परत आलो तेव्हा दादा दारातच. कसं झालं विचारलं नाही. संध्याकाळी जेवताना म्हणले, "किती वयाचा आहे म्हणलास तो?" मी म्हणलं सदतीस. "आन बाप बी खेळायचा?" हो, आणि आजा पण. मग बऱ्याच वेळानं म्हणले, "गुडघे चांगले असतील त्याचे."

२०१९ ला त्यानं फुटबॉल सोडलं. मग काही दिवस पेन्यारोलचा कोच पण होता, आणि मला वाटलं संपलं आता. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये बातमी आली की फोर्लान टेनिसच्या प्रोफेशनल स्पर्धेत उतरला, उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओतच, उरुग्वे ओपनच्या डबल्समध्ये, पंचेचाळीसाव्या वर्षी. पार्टनर अर्जेंटिनाचा फेदेरिको कोरिया, तो पण घराण्यातलाच, त्याचा भाऊ फ्रेंच ओपनची फायनल खेळलेला. हरले, ६-१, ६-२. बाराव्या वर्षी बाजूला ठेवलेली रॅकेट आणि तेहतीस वर्षांनी तिच्यासाठी भरलेलं स्टेडियम.

त्याचा व्हिडिओ मी दादांना दाखवला. चष्मा लावला, फोन लांब धरला.

"हा तोच का, नोटबंदीतला?"

तोच.

"जिंकला का मग?"

नाही, हरला.

"डाव्या हातानं बी मारतो का?"

म्हणलं टेनिसात तसं नसतं दादा, एकाच हातानं खेळतात.

"मग हरणारच की," म्हणले आणि फोन परत दिला.